भांडे वेगळे असू द्या, बाक वेगळा नको

मुस्लिम समाज शिक्षणात मागे का, यावर आपण कितीतरी वर्षे परिसंवाद घेत आहोत. न्या. राजिंदर सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. महाराष्ट्रात डॉ. महमूदुर रहमान समितीने २०१३ साली आपला अहवाल दिला. दोन्हींवर भाषणे झाली, ठराव झाले. परंतु मोहल्ल्यातल्या बैठकीत एक साधा प्रश्न क्वचितच ऐकू येतो. बारावी झालेली पोरगी राहणार कुठे आणि जेवणार काय?

आमच्या रोहा-वरसे भागातले चित्र पाहा. पदवीपर्यंतचे शिक्षण रोह्यात होते. इंजिनिअरिंग म्हटले की लोणेरे, पनवेल नाही तर मुंबई. लोणेऱ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ साली आपल्याच जिल्ह्यात उभे राहिले. पण गुणपत्रिका हातात असूनही घरात पहिली चर्चा होते ती होस्टेलची. मुलगा असेल तर ‘तिथे हलाल मिळेल का?’ आणि मुलगी असेल तर ‘परक्या ठिकाणी राहायची गरजच काय?’ मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. गुणांमुळे अडलेल्या मुलींपेक्षा या दुसऱ्या प्रश्नामुळे अडलेल्या मुली मला अधिक भेटतात. म्हणूनच हा मेस आणि होस्टेलचा विषय मला किरकोळ वाटत नाही. आपल्या तालमीची गाडी अनेकदा इथेच अडते.

आधी बाहेरच्यांचा हिशेब मांडते. पवईच्या आयआयटीत जानेवारी २०१८मध्ये एका वसतिगृहाच्या मेसमधून विद्यार्थ्यांना ई-मेल गेला: मांसाहारासाठी मुख्य ताटे वापरू नका, वेगळी घ्या. २०२३च्या जुलैमध्ये तिथेच ‘फक्त शाकाहाऱ्यांसाठी’ अशी पत्रके भिंतीवर लागली. सप्टेंबरात तीन वसतिगृहांच्या सामाईक मेसमध्ये सहा टेबले शाकाहाऱ्यांसाठी राखून ठेवण्यात आली. त्या टेबलावर मांसाहार करून निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला १० हजार रुपये दंड झाला. मद्रासच्या आयआयटीत २०१८च्या डिसेंबरात एका मेसच्या दारावर शाकाहारी आणि मांसाहारी अशा दोन वाटांचे फलक लागले होते. गवगवा झाल्यावर ते काढले गेले.

शाकाहारी मुलाला त्याचे अन्न स्वच्छ, वेगळ्या भांड्यात शिजवलेले मिळावे, हा त्याचा हक्क आहे. त्याबद्दल वाद नाही. पण त्याचा हक्क त्याच्या ताटापुरता असतो, शेजाऱ्याच्या ताटापर्यंत पोहोचत नाही. शेजारी बसलेला माणूस काय खातो यावरून बाक विटाळू लागला की तो प्रश्न आहाराचा राहत नाही. या देशात विटाळाचा इतिहास फार जुना आहे आणि तो भोगणारे केवळ मुसलमान नाहीत. आमच्या शेजारच्या आगरी, कोळी, कुणबी, बौद्ध आणि आदिवासी घरांतही सुकट-बोंबील शिजते. ‘मांसाहारी’ म्हणून बाजूला बसवले जाणारे हेच सगळे आहेत. म्हणून ही लढाई ‘आमच्या धर्माची’ म्हणून एकट्याने लढू नये. या सगळ्यांच्या खांद्याला खांदा लावून लढावी.

आता आपल्या घराकडे वळते. कारण तोच बाक आपल्यालाही वेगळा हवा असतो. ‘आपल्या पोरांसाठी आपले स्वतंत्र होस्टेल बांधा, म्हणजे कटकट नाही,’ हे वाक्य प्रत्येक जमातीच्या सभेत टाळ्या घेते. स्वतंत्र वसतिगृहाला माझा सरसकट विरोध नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१पासून कोल्हापुरात जातीजमातींची वसतिगृहे उभी केली, १९०६मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढून मुस्लिम मुलांची सोय केली. त्या काळात खेड्यातल्या पोराला शहरात कोणी दारात उभे करत नव्हते, म्हणून ते आवश्यकच होते. पण त्याच कोल्हापुरात पुढे काय घडले तेही लक्षात घ्या. जैन बोर्डिंगमध्ये राहणारा भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेला. परतल्यावर त्याने अंघोळ करून शुद्ध होण्यास नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. त्याच भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहतील, एकत्र रांधतील आणि एकत्र जेवतील असे बोर्डिंग काढले. १९२७मध्ये गांधीजींनी त्याला शाहू महाराजांचे नाव दिले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा विकले. वेगळे वसतिगृह ही पायरी होती, मुक्काम नव्हता. शंभर वर्षांनंतर आपण त्याच पायरीवर बिऱ्हाड थाटायचे काय?

उर्दू माध्यमातल्या मुलांसाठी तर हे अधिकच खरे आहे. आमचे मूल घरात कोकणी बोलते, बाजारात मराठी बोलते आणि दहावीपर्यंत वर्गात फक्त आपल्याच मुलांबरोबर बसते. मराठी मुलाबरोबर एका खोलीत राहण्याची पहिली संधी त्याला होस्टेलच देते. त्या मुलालाही मुसलमान माणूस जवळून तिथेच भेटतो. ही संधी दोन्ही बाजूंनी भिंत बांधून घालवायची आणि नंतर ‘आम्हाला कोणी समजून घेत नाही’ म्हणून लेख लिहायचे, याला काय अर्थ आहे?

हलालचा प्रश्न खरा आहे, पण तो सुटणारा आहे. डाळ, भात, भाजी, अंडी कोणीही खाऊ शकतो. मासळीला तर जबीहाचा प्रश्नच नाही. मटण-चिकन कुठून आणायचे, हे मेस समितीत बसून ठरवता येते. मात्र त्या समितीच्या निवडणुकीला आपली मुले उभी राहिली पाहिजेत. २०२३पासून रमजान फेब्रुवारी ते एप्रिलच्या काळात, म्हणजे ऐन परीक्षांच्या सुमारास येतो आहे. सहरीसाठी रात्रीच डबा भरून मिळावा, एवढी मागणी लेखी अर्जाने करता येते. मागितलेच नाही तर देणार कोण?

आणि पैसा? राज्यात अनुसूचित जातींसाठी स्वाधार, आदिवासींसाठी स्वयम आणि २०२३पासून इतर मागासवर्गीयांसाठी आधार योजना आली. वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्याच्या राहण्याजेवणासाठी या योजना आहेत. ओबीसी यादीतल्या मुस्लिम जमातींना त्यात अर्ज करता येतो. पण जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र काढायचे आपल्याला आठवते ते प्रवेशाच्या आदल्या दिवशी. दुसरीकडे, संशोधन करणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद फेलोशिप केंद्राने २०२२च्या डिसेंबरात बंद केली. सरकारला जाब विचारायलाच हवा. मात्र तो विचारणाऱ्याने आपली थैलीही उघडून दाखवावी.

थैली रिकामी नाही. आखाती पैशावर कोकणात जमातखाने चकाचक झाले, लग्नांत पंगतीवर पंगती उठतात. मदरशातल्या मुलाला जेवू घालणे आपण सवाब मानतो, आणि ते योग्यच आहे. मग तोच गरीब मुलगा इंजिनिअरिंगला गेला की त्याचे पोट पोट राहत नाही का? जकातीच्या हकदारांत गरिबाचे नाव पहिले येते. त्यात तो कोणते पुस्तक वाचतो याची अट नाही. मदिनेच्या मशिदीला लागून असलेला सुफ्फा आठवा. इल्मसाठी आलेली निर्धन माणसे तिथे राहत आणि त्यांच्या भाकरीची काळजी अख्खी वस्ती घेई. आपल्या इतिहासातले पहिले वसतिगृह मशिदीच्या ओट्यावर होते. आज किती मशिदींच्या जमाखर्चात एका विद्यार्थिनीच्या मेसचे बिल सापडेल?

म्हणून प्रत्येक जमातीने पुढच्या रमजानपर्यंत दोनच गोष्टी कराव्यात. गावातली किती मुले-मुली बारावीनंतर बाहेर शिकायला गेली आणि किती घरी बसली, याची यादी करावी. मग त्या यादीतल्या गरजू मुलांचे राहण्याजेवणाचे बिल, आधी मुलींचे, जकातीतून थेट त्यांच्या हाती द्यावे. होस्टेलच्या ‘माहोल’ची चिंता असणाऱ्या बापाने महिन्यातून एकदा तिथे जाऊन मुलीबरोबर त्याच मेसमध्ये जेवावे. चिंता करण्याची ती अधिक चांगली रीत आहे. मुलगी घरी बसवून माहोल सुधारत नाही, फक्त त्या बाकावरची आपली जागा रिकामी राहते. आणि रिकाम्या जागेवर फलक लावणारे तयारच असतात.