मळी फक्त गाडीच्या टाकीतच का?

नृसिंहवाडीत बासुंदीची वाटी चाटूनपुसून संपवणारी माणसंच मला सांगतात, "टाकीत यीस्ट वाढवून प्रोटीन? छे, अनैसर्गिक!" अहो, मग विरजण काय मंत्राने लागतं?

इथून जवळच शिरोळला साखर कारखाना आहे. साखर काढल्यावर उरलेल्या मळीवर यीस्ट सोडायचं आणि अल्कोहोल मिळवायचं, हे ऊसपट्ट्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मळी अल्कोहोलसाठी आंबवली तरी चालते, प्रोटीन म्हटलं की नाकं मुरडतात! वाळवलेल्या यीस्टमध्ये जवळपास निम्मी प्रथिनं असतात. पहिल्या महायुद्धात उपासमार झालेल्या जर्मनीने मळीवर यीस्ट वाढवून सूप आणि सॉसेजमध्ये घातलं. ब्रिटनमध्ये बुरशीपासून केलेलं 'क्वॉर्न' १९८५ पासून दुकानात आहे. खरी अडचण न्यूक्लिक आम्लाची. ते जास्त पोटात गेलं तर युरिक आम्ल वाढतं. म्हणून क्वॉर्नची बुरशी आधी तापवून ते कमी करतात. उपाय जुना आहे.

जुनी नाही ती इच्छा. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं ठरलं, तेव्हा सरकारने भाव बांधून दिला, कर्जाच्या व्याजात सवलत दिली, तेल कंपन्यांना खरेदीला लावलं. टाक्या भराभर उभ्या राहिल्या. २०२४च्या 'बायोई३' धोरणात 'स्मार्ट प्रोटीन' हा शब्द आला खरा, पण मला शब्द नको, खरेदीची हमी हवी. शालेय पोषण आहारासाठी सरकारने हे प्रोटीन विकत घ्यावं आणि टाक्या सभासद शेतकऱ्यांच्या मालकीच्या असाव्यात. नाहीतर उद्या कुणी स्टार्टअप आपलीच मळी स्वस्तात उचलेल आणि जिमवाल्यांना चकचकीत डब्यातून विकेल. तेव्हा मात्र कुणीही त्याला अनैसर्गिक म्हणणार नाही.