हेलियम संपल्यानंतर

प्रत्येक उबदार वस्तू अवरक्त किरण बाहेर टाकीत असते. मनुष्यदेह त्याला अपवाद नाही आणि दुर्बीणही नाही. हे अदृश्य किरण टिपणाऱ्या दुर्बिणीची अडचण येथेच आहे. ती स्वतः उबदार असली, तर दूरच्या ताऱ्याचा क्षीण प्रकाश तिच्याच तेजात बुडून जातो. भर दुपारी उन्हात ठेवलेली पणती दिसू नये तसा. शिवाय यांतील बरेचसे किरण पृथ्वीचे वातावरण शोषून घेते. म्हणून अशी दुर्बीण अवकाशात हवी आणि अतिशीतही हवी.

२५ ऑगस्ट २००३ रोजी ‘नासा’ने सोडलेली स्पिट्झर दुर्बीण याचसाठी पृथ्वीच्या उबेपासून दूर, तिच्या मागोमाग सूर्याभोवती फिरत ठेवली होती. १९८३ मधील ‘आयरास’ या अवरक्त दुर्बिणीचे ५२० लिटर द्रवरूप हेलियम दहा महिन्यांत संपले होते. स्पिट्झरचे ३६० लिटर साडेपाच वर्षांहून अधिक पुरले. तिची बरीचशी उष्णता अवकाशातच निघून जाईल अशी रचना केल्यामुळे, उरलेल्या थंडाव्यापुरतेच हेलियम खर्ची पडत होते. काटकसर म्हणावी ती अशी!

१५ मे २००९ रोजी तोही साठा संपला. बेरिलियमचा ८५ सेंटिमीटरचा आरसा शाबूत होता. परंतु तीन उपकरणांपैकी वर्णपटलेखक आणि दीर्घ तरंगांचा प्रकाशमापक निकामी झाले. कॅमेऱ्याच्या चारपैकी दोनच वाहिन्या उरल्या, ३.६ व ४.५ मायक्रॉनच्या. सूर्याकडे सदैव ढाल धरलेली दुर्बीण हेलियमविनाही उणे २४५ अंश सेल्सिअसच्या आसपास होती, आणि या आखूड तरंगांना तेवढी थंडी पुरेशी होती.

या उरलेल्या दृष्टीनेच २०१६ मध्ये सुमारे ५०० तास ट्रॅपिस्ट-१ या चाळीस प्रकाशवर्षे दूरच्या ताऱ्यावर पाळत ठेवली. ग्रह समोरून गेला की ताऱ्याचे तेज किंचित उतरते. त्या उतारांवरून पृथ्वीएवढ्या आकाराचे सात ग्रह तेथे असल्याचे फेब्रुवारी २०१७ मध्ये जाहीर झाले. परग्रह शोधण्यासाठी हा कॅमेरा मुळात घडविलेलाच नव्हता.

दरवर्षी दुर्बीण पृथ्वीच्या अधिकाधिक मागे पडत गेली. अंतर पंचवीस कोटी किलोमीटरच्या घरात गेले. माहिती धाडण्यासाठी अँटेना पृथ्वीकडे वळवावी, तर सौरपट्ट्या सूर्यापासून कलत. मग तेवढा वेळ बॅटरीवरच भिस्त. ही कसरत ३० जानेवारी २०२० पर्यंत चालली. त्या दिवशी तिला अखेरचा आदेश पाठविण्यात आला.