भूभौतिकीची वाट गणितातून जाते

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी व परिसरातील गावे जमीनदोस्त झाली आणि हजारो माणसे झोपेतच दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. दख्खनचे पठार म्हणजे अढळ भूमी, हा समज कोयनेच्या भूकंपाने १९६७ सालीच डळमळीत केला होता. किल्लारीने तो पुरता मोडीत काढला. असे दोन आघात सोसलेल्या महाराष्ट्रात भूभौतिकीकडे विद्यार्थ्यांचा ओढा असावयास हवा होता. प्रत्यक्षात बारावीनंतर काय, या घरोघरच्या चर्चेत या शास्त्राचे नावही क्वचितच निघते.

भूगर्भात डोकावणे माणसाला शक्य नाही. खडकांतून जाणाऱ्या कंपनलहरी, जागोजागी किंचित बदलणारे गुरुत्व व चुंबकत्व, जमिनीचा विद्युत्‌रोध यांची मापे घ्यावयाची आणि त्यांवरून आत काय दडले आहे याचे अनुमान बांधावयाचे, हे या शास्त्राचे कार्य. १९७४ साली बॉम्बे हाय येथे तेल लागले, त्यामागे अशीच पाहणी होती. काळ्या पाषाणाच्या आपल्या मुलखात पाणाड्याच्या शब्दावर कूपनलिका खोदली जाते आणि ती कोरडी निघाली की शेतकऱ्याच्या माथी कर्ज तेवढे उरते. शास्त्रीय पाहणी पाण्याची हमी देत नाही. परंतु अंदाजाला आधार देते.

हे अनुमान सोपे मात्र नव्हे. एकाच मोजमापाशी भूगर्भाची अनेक चित्रे जुळू शकतात. त्यांतील ग्राह्य कोणते, हे ठरविण्यास गणित हवे आणि खडकांची ओळखही हवी. म्हणून गुणांच्या हिशेबापायी बारावीला गणित सोडण्याचा मोह विद्यार्थ्यांनी टाळावा. बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र व गणित ही जोडी राखावी, संगणकावर आज्ञावली लिहिण्याचा सराव करावा आणि सुटीत भूशास्त्राच्या जाणकाराबरोबर डोंगर-नाले पायाखाली घालावेत. मुंबई व खरगपूरच्या आयआयटी, धनबाद, बनारस येथे पुढील शिक्षणाची सोय आहे. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आणि नवीन पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था ही संशोधनाची केंद्रे आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील जागांसाठी संघ लोकसेवा आयोग परीक्षा घेतो.

जागा थोड्या आहेत आणि तेलाच्या भावाबरोबर त्या क्षेत्रातील भरतीही खालीवर होते, हे लपविण्यात अर्थ नाही. भूकंपाचा दिवस व वेळ आधी सांगण्याची विद्याही अद्याप कोणाला साधलेली नाही. परंतु धोका कोठे अधिक आहे आणि तेथे घरे कशी बांधावीत, हे सांगण्यासाठी हे शास्त्र लागतेच.

तालुक्याच्या गावी गणितात रमणारी मुले आजही आहेत. त्यांच्यापुढे ही वाट ठेवण्याचे काम शिक्षकांचे आहे. ते त्यांनी अकरावीच्या प्रवेशाच्या वेळीच करावे. गणित एकदा सुटले की ही वाट बहुधा कायमची बंद होते.