तिळगुळातला ‘ळ’

गेल्या संक्रांतीस येथील एका परिचित घरी आम्ही तिळगूळ घेण्यास गेलो होतो. तबकाशेजारी प्लॅस्टिकच्या मण्यांची, तळहाताहून थोडी मोठी अशी एक चौकोनी पाटी मांडलेली होती. घरातील नऊ वर्षांच्या नातीने ती स्वतः घडविली होती. पांढऱ्या भूमीवर काळी अक्षरे : ‘तिलगुल’. आल्यागेल्यांनी तोंड भरून कौतुक केले. आजी मात्र आम्हांस बाजूला घेऊन म्हणाल्या, “पोरीनं केलंय सुरेखच, पण आपला ‘ळ’ कुठं हो गेला?”

आजींचा प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला. १९५६ च्या १ नोव्हेंबरपूर्वी बालाघाट आणि नागपूर एकाच राज्यात होते. त्या राज्याची राजधानी नागपूर होती आणि हिंदी व मराठी या दोन्ही तेथील राजभाषा होत्या. राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. गोंदिया हाकेच्या अंतरावर असूनही मधे सीमा आली. आपल्या मुलांची शाळा हिंदीची वा इंग्रजीची झाली. लिपी तीच देवनागरी, म्हणून काही हरवले आहे हे चटकन ध्यानात येत नाही. हिंदीच्या वर्णमालेत ‘ळ’ नाही. तो पाटीवरून जातो आणि मागोमाग जिभेवरूनही जातो. मग ‘वेळ’ आणि ‘वेल’, ‘काळ’ आणि ‘काल’, ‘मूळ’ आणि ‘मूल’ यांत भेदच उरत नाही.

मुलीला बोल लावून हे अक्षर परत येणार नाही. ज्या खेळात तिचे मन रमले आहे, त्याच खेळातून ते आणावे, असे आम्ही आजींना सुचविले.

हा छंद स्वीडन-डेन्मार्ककडून जगभर पसरला. मणी पॉलिथिनचे, नळीच्या तुकड्यासारखे, साधारण ५ मिलिमीटर जाडीचे असतात. खुंट्या असलेल्या पाटीवर ते एकेक करून बसवावयाचे व वरून इस्त्री फिरवून परस्परांस जोडावयाचे. मोठ्या चौकोनी पाटीवर उभ्या-आडव्या २९ खुंट्या असतात. ज्या भगिनींनी दोसुतीवर फुलीचे टाके घातले आहेत किंवा दारासाठी काचमण्यांचे तोरण गुंफले आहे, त्यांना ही घरे मोजण्याची विद्या नवी नाही. सुईत दोरा ओवणे ज्यांना आता जमत नाही, अशा आजींनाही नातीस घरे मोजून सांगता येतील.

‘ळ’ असा रचावा. सात खुंट्या रुंद व सात उंच असा चौकोन घ्यावा. पहिल्या ओळीत सातही काळे मणी, ही शिरोरेघ. दुसऱ्या व तिसऱ्या ओळीत फक्त मधला, म्हणजे चौथा. चौथ्या ओळीत दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत पाच. पाचव्या व सहाव्या ओळीत पहिला, चौथा आणि सातवा. सातव्या ओळीत दुसरा, तिसरा, पाचवा आणि सहावा. असे काळे मणी २४ होतात. उरलेल्या २५ जागा पांढऱ्या मण्यांनी भराव्यात. त्या रिकाम्या ठेवू नयेत. जे मणी केवळ कोपऱ्याला कोपरा लावून असतात ते नीट जुळत नाहीत व अक्षर हातात घेताच तुटते. ‘ति’ला सात, ‘ळ’ला सात, ‘गू’ला पाच व पुन्हा ‘ळ’ला सात रकाने देऊन मधे एकेक रकाना सोडला, की २९ खुंट्यांत ‘तिळगूळ’ नेमका बसतो. वेलांटी व ऊकार यांसाठी वर-खाली ओळी राखाव्यात.

इस्त्री मोठ्या माणसानेच करावी. ती मध्यम तापवावी, वाफ मुळीच नको. केक भाजताना साच्यात घालतात तो बेकिंग पेपर मण्यांवर अंथरून हलक्या हाताने गोलगोल फिरवावी. मण्यांची तोंडे किंचित मिटली की थांबावे, थोडे निवू द्यावे, मग उलटून दुसरी बाजूही तशीच करावी. नंतर एखाद्या जाड पुस्तकाखाली ठेवावे, म्हणजे वस्तू वाकडी होत नाही. खिडकी उघडी असावी, आणि घरात तान्हे मूल असल्यास सांडलेला प्रत्येक मणी वेचावा. तयार वस्तू समईजवळ ठेवू नये, प्लॅस्टिकच ते.

पुढल्या आठवड्यात आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. आजी डोळे मिटून घरे सांगत होत्या, नात मणी बसवीत होती. प्रत्येक ‘ळ’ पुरा झाला, की आजी तिच्याकडून तो म्हणवून घेत. जीभ मागे वळवताना तिला हसू फुटे. पहिले दोनतीनदा ‘ल’च आला, पुढे एकदा ‘ळ’ उमटला, तेव्हा आजींनी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला.

अक्षर उलटून पाहताना त्या मुलीनेच आम्हांस दाखविले, की ‘ति’ आणि ‘गू’ मागून उलटे दिसतात, पण ‘ळ’ दोन्ही बाजूंनी सारखाच. आमच्या हे ध्यानातच आले नव्हते.