पडून राहिलेलं इंजिन

हैदराबादची आजवरची नीचांकी नोंद ६.१ अंश सेल्सिअसची आहे, जानेवारी १९४६ मधली. हुसेनसागर गोठण्याचा प्रश्नच येत नाही. तरी राणीगंजच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत हिरव्या, गुलाबी, निळ्या कूलंटचे डबे असतात आणि त्यांवर ‘अँटीफ्रीझ’ असं छापलेलं असतं. ‘आपल्याकडे कुठं बर्फ पडतं?’ म्हणत गिऱ्हाईक डबा परत ठेवतं आणि रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओततं. या एका समजुतीपायी कितीतरी चांगली इंजिनं अकाली भंगारात जातात.

अँटीफ्रीझची मूळ गरज थंड मुलखातली, आणि ती समजून घ्यायला जेट बोटीसारखं उदाहरण नाही. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात तिथल्या उथळ, खडकाळ नद्यांसाठी ही बोट घडवली. तिला बाहेर पंखा नसतो. तळातून पाणी ओढायचं आणि मागे जोरात फेकायचं, त्या रेट्यावर ती पळते. एडमंड हिलरी १९७७ मध्ये अशाच तीन बोटी घेऊन गंगेच्या मुखापासून निघाले आणि नंदप्रयागजवळच्या धबधब्यानं अडवेपर्यंत वर चढत गेले. बऱ्याच जेट बोटींत ओढलेल्या पाण्यातलाच थोडा भाग इंजिनभोवती फिरून त्याला गार ठेवतो. हंगाम संपून बोट शेडमध्ये गेली की तेच पाणी वैरी होतं. गोठताना पाणी साधारण नऊ टक्के फुगतं, आणि बिडाचा ब्लॉक तडकतो.

म्हणून तिथे बोट ठेवण्याआधी ब्लॉकच्या तळाचे प्लग काढतात. इथेच घाईचा माणूस फसतो. प्लग काढला, थेंबही पडला नाही, म्हणजे आत काही नाही असं समजून तो हात पुसतो. जाणता मेकॅनिक तारेचा तुकडा भोकात घालून फिरवतो. गाळ आणि गंजाचा खडा सुटतो, आणि तपकिरी पाण्याची धार लागते. ती थांबल्यावरच इंजिनाला गुलाबी अँटीफ्रीझ ओढायला लावायचं, एक्झॉस्टमधून तोच रंग बाहेर येईपर्यंत.

भारतातही हे काम लागतं. लष्करानं जानेवारी २०२१ मध्ये बारा वेगवान गस्ती बोटींसाठी गोवा शिपयार्डशी करार केला, तो मोठ्या जलाशयांसाठी, त्यातही अतिउंचावरच्या. लडाखमधलं पँगाँग चार हजार मीटरहून उंच आहे, पाणी मचूळ, आणि तरी हिवाळ्यात ते गोठतं.

हैदराबादला बर्फाचं भय नाही, पण त्या डब्याचं निम्मं काम बर्फाशी निगडित नाहीच. ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं घेतलं तर मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठतं, आणि उकळायला साध्या पाण्यापेक्षा काही अंश जास्त लागतात. मे महिन्यात ते काही अंश मोलाचे असतात. त्याहून मोलाची ती त्यातली गंजरोधक रसायनं. ती दोन-चार वर्षांत खर्ची पडतात, रंग तसाच दिसत राहिला तरी. बोअरच्या पाण्यात ती मुळात नसतात. उलट दख्खनच्या ग्रॅनाइटमधून आलेले क्षार असतात, आणि त्यांचा पांढरा थर नळ्यांत बसतो.

बोटीच्या इंजिनाला मात्र आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे बाहेरचं पाणी. कुकटपल्ली नाल्यानं वर्षानुवर्षं कारखान्यांचं आणि घरांचं सांडपाणी हुसेनसागरात आणलं. उन्हाळ्यात काठावर कुजक्या अंड्यासारखा जो वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. तोच वायू पाण्यात विरघळून तांब्याच्या मिश्रधातूंना खातो, आणि कूलंट गार करणाऱ्या नळ्या बहुधा त्याच धातूंच्या असतात. आतून उत्तम कूलंट असला तरी बाहेरून लागलेली ही कीड थांबत नाही. पुरात वापरायच्या बोटींमागे जी ओबीएम (आउटबोर्ड मोटर) इंजिनं लावतात, त्यांच्यात तर बहुतेक वेळा कूलंट नसतोच. पुराचं पाणी थेट आत फिरतं. त्यांना वापरानंतर स्वच्छ पाण्यानं धुण्याला पर्याय नाही. जेट बोट किंवा वॉटर स्कूटर धुताना क्रमही पाळावा लागतो. आधी इंजिन चालू, मग नळ. शेवटी आधी नळ बंद, मग इंजिन. उलट केलं तर पाणी एक्झॉस्टमधून इंजिनात शिरतं.

इंधनाचंही तसंच. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओलावा धरतं, टाकी महिनोन् महिने अर्धी राहिली की पाणी तळाशी बसतं, आणि कार्ब्युरेटरची बारीक भोकं बुजून जातात.

कोकणात हे शहाणपण जुनं आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. होड्या वर ओढायच्या, झापांनी शाकारायच्या, इंजिनं उतरवून घरात घ्यायची. हैदराबादचं चक्र उलटं आहे. इथे शिडांच्या शर्यती जुलैतच होतात, आणि बचाव बोटी लागतात त्याही पावसाळ्यात. त्यांचे पडून राहण्याचे महिने नोव्हेंबर ते मे, त्यात ऐन उन्हाळाही आला.

१३ ऑक्टोबर २०२० ला शहरात चोवीस तासांत १९ सेंटीमीटरहून अधिक पाऊस झाला. तोलीचौकीच्या नदीम कॉलनीत बोटी फिरल्या, माणसं खिडक्यांतून उतरवली गेली. सांगली-कोल्हापुरानं २०१९ मध्ये हेच पाहिलं होतं; बोट कधी येते म्हणून गावंच्या गावं वाट पाहत होती. अशा रात्री दोरी ओढताच इंजिन सुरू व्हावं, याची तजवीज आदल्या नोव्हेंबरातच झालेली असावी लागते. प्रत्येक बचाव बोटीला एक कार्ड लावावं. धुतल्याची तारीख, टाकी रिकामी केल्याची तारीख, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात पाण्यात उतरवून अर्धा तास चालवल्याची नोंद, खाली सही. खर्च नगण्य आहे, आणि पालिकेच्या प्रत्येक सदस्यानं ते कार्ड मागून पाहावं.

वाचकांनी आपल्या सोसायटीचा जनरेटरही पाहावा. त्यातला कूलंट शेवटचा कधी बदलला, हे वॉचमनला नव्हे, देखभालीच्या वहीला विचारावं. बदलताना जुना कूलंट गटारात ओतू नये. तो गोड लागतो. कुत्री-मांजरं चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. झाकणाच्या डब्यात भरून तो मेकॅनिकच्याच हवाली करा.