भयपटांचा वारसा जपायचा कोणी?

मुंबई : ‘तुंबाड’ने सप्टेंबर २०२४ मधील पुनर्प्रदर्शनात २०१८ च्या मूळ प्रदर्शनाहून अधिक कमाई केली आणि भारतीय भयपटाला दुसरे आयुष्य लाभू शकते, हे दाखवून दिले. मात्र हिंदी भयपटाची वाट रुळवणाऱ्या रामसे बंधूंच्या चित्रपटांना हे आयुष्य प्रामुख्याने परदेशातून मिळाले आहे.

रामसे कुटुंबाने १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’ महाबळेश्वर येथे, सुमारे साडेतीन लाख रुपयांत चित्रित केला. नामवंत तारे नव्हते. दिग्दर्शनापासून ध्वनिमुद्रणापर्यंतची कामे भावांनीच वाटून घेतली. ‘पुराना मंदिर’ला (१९८४) तिकीटबारीवर मोठे यश लाभले, तरी समीक्षकांनी हे चित्रपट दुय्यमच मानले. ‘पुराना मंदिर’ व ‘बंद दरवाजा’ यांच्या डीव्हीडी आणि पुढे ब्लू-रे आवृत्त्या काढल्या त्या ‘मोंडो मकाब्रो’ या परदेशी कंपनीने.

सार्वजनिक निधीतून होणाऱ्या जतनकार्यात अभिजात कृतींना प्राधान्य मिळणे स्वाभाविक आहे. परंतु निव्वळ करमणुकीसाठी निर्मिलेली कलाकृतीही कालांतराने इतिहासाचा पुरावा ठरते. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील भोसलेकालीन मराठी नाटकांची हस्तलिखिते हेच सांगतात.

चित्रपटाची निगेटिव्ह मात्र उष्णता व आर्द्रतेने झपाट्याने खराब होते. तुलसी रामसे २०१८ मध्ये, तर श्याम रामसे २०१९ मध्ये निवर्तले. त्यामुळे निगेटिव्ह, हक्क आणि आठवणी यांची नोंद करण्यास फारसा अवधी उरलेला नाही.