खात्री नसेल तर 'नाही' म्हणा

संगणकाच्या जगात एक पंथ आहे. या पंथाला तयार मिळणारं काही म्हणजे काही चालत नाही. घरच्या जात्यावरच्या पिठाची भाकरी निराळी लागते असं म्हणणारी एक पिढी आपल्याकडे होऊन गेली, त्यातलाच हा प्रकार. ही मंडळी लिनक्सचा कर्नल घरी दळतात. (हा कर्नल लष्करातला नव्हे. यंत्र आणि बाकीचे प्रोग्रॅम यांच्या मधे बसून सगळा कारभार हाकणारा तो गाभा. आमच्याकडे हेड कॅशियर असतो तसा.) १९९१ साली फिनलंडमधल्या लायनस टॉर्वाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने तो लिहिला, जगाला फुकट दिला, आणि तेव्हापासून हौशी लोकांचं जातं अखंड चालू आहे.

दळणाला माझी हरकत नाही. माझं भांडण निराळं आहे. दळून झाल्यावर यंत्राची वाचा बसली, की पंथातले बुजुर्ग विचारतात, "मदत वाचली नव्हतीत का?"

तर ती मदत काय म्हणते ते ऐका. कर्नल बांधण्याआधी एक मेनू येतो. उडप्याकडचा नव्हे, यात दहा हजारांहून जास्त पदार्थ असतात. प्रत्येकापुढे 'हो', 'नाही' किंवा 'मॉड्यूल' (म्हणजे आत्ता नको, लागेल तेव्हा वाढा) अशी खूण करायची. अडलात तर प्रश्नचिन्ह दाबायचं. मग दोन-चार ओळींची मदत येते आणि तिच्या शेवटी ठिकठिकाणी लिहिलेलं असतं: खात्री नसेल तर 'नाही' म्हणा.

मी बी.कॉम. आहे आणि वीस वर्षं काउंटरवर आहे. हे वाक्य मी चांगलं ओळखतो. परिपत्रक न कळलेला प्रत्येक माणूस गिऱ्हाइकाला हेच सांगतो. त्यात सांगणाऱ्याची मान सुटते, ऐकणाऱ्याचं काम तेवढं राहतं.

माझा भाचा इंजिनियरिंगला आहे. त्याने हे दळण घातलं. अल्सा नावाचं ध्वनिखातं २००२ पासून कर्नलमध्ये आहे, त्याला 'हो' म्हटलं. इंटेलच्या ध्वनी कंट्रोलरलाही 'हो' म्हटलं. पुढे कोडेकची यादी आली: रिअलटेक, कोनेक्संट, सिरस आणि बरीच भावंडं. आपल्या यंत्रात यांतलं कोण नांदतंय हे त्याला ठाऊक नव्हतं. मदतीत होतं, रिअलटेकच्या कोडेकचा आधार हवा असेल तर इथे 'हो' म्हणा. म्हणजे 'गणपतराव कोण?' असं विचारावं आणि 'गणपतराव हवे असतील तर गणपतराव म्हणा' असं उत्तर मिळावं! खात्री नव्हती. पोरगा आज्ञाधारक. सरसकट 'नाही' म्हणाला.

कंट्रोलर म्हणजे शिपाई, फायली इकडून तिकडे नेतो. कोडेक म्हणजे साहेब. फाइलीतल्या आकड्यांचा आवाज तो करतो. इथे शिपायाची नेमणूक झाली, साहेबाची राहिली. लॅपटॉप तासभर तव्यासारखा तापला आणि काम एकाही चुकीशिवाय पार पडलं. साहेब न नेमणं हा कर्नलच्या लेखी गुन्हा नाही! यंत्र सुरू झालं, ध्वनीच्या पानावर 'डमी आउटपुट' अशी पाटी आली. आवाजाची पट्टी सरकते, गाण्याची मिनिटं पुढे जातात, ऐकू काही येत नाही. आमच्याकडे याला सस्पेन्स अकाउंट म्हणतात. पण आमचं सस्पेन्स अकाउंट ऑडिटर तरी विचारतो.

इलाज तसा साधा. जुना, तयार कर्नल पुन्हा चालू करायचा, त्यात कोणता कोडेक बोलतोय त्याचं नाव बघायचं आणि नव्या यादीत त्याला 'हो' म्हणायचं. फक्त कंट्रोलर 'हो' आणि कोडेक 'मॉड्यूल' असं करू नये, तो जागेवर आपणहून येईलच असं नाही. याची एक ओळीची सूचना मेनूत चक्क आहे. म्हणजे सूचना लिहिता येते तर! हे मी पुरावा म्हणून नोंदवून ठेवतो.

घाई असणाऱ्यांसाठी २००९ पासून एक आडवाट आहे. या घटकेला जे मॉड्यूल हजर असतील तेवढेच पटावर ठेवायचे. त्या वेळी यूएसबीचा हेडफोन खुंटीला असला, तर त्याचं नाव गेलं. किरकोळ रजेवरच्या माणसाला मस्टरवरून उडवण्याची ही पद्धत आमच्या हेड ऑफिसलासुद्धा अजून सुचलेली नाही.

बुजुर्गांचा युक्तिवाद दोन कलमी आहे. एक, फुकटचं आहे. अन्नछत्रात जेवून मिरपूड मागू नये. अहो, लिहिणाऱ्यांतल्या कितीतरी जणांना कंपन्या पगार देतात. आणि मिरपूड मागतंय कोण? पानात काय वाढलंय तेवढं सांगा. दोन, कर्नल एका यंत्रावर बांधून दुसऱ्यावर चालवतात, त्याला बिचाऱ्याला काय कळणार? नाही कळत तर विचारा. खातं तुमचं की अज्ञान मुलाचं, हे आम्ही दिवसातून वीसदा विचारतो, अजून कोणाची जीभ झिजलेली नाही.

पूर्वी विचारत असत. रेड हॅटच्या जुन्या लिनक्समध्ये साउंड कार्ड बसवून झालं की एक नमुना वाजायचा. 'लिनक्स'चा उच्चार कसा करायचा ते खुद्द टॉर्वाल्ड्स सांगायचे, आणि मग प्रश्न यायचा: ऐकू आलं का? झालं! एवढंच तर मागतोय.

आमच्या ब्रँचमध्ये एक दृष्टिहीन सहकारी आहेत. पडद्यावरचं सगळं त्यांना यंत्र वाचून दाखवतं. लिनक्सवर ते काम ऑर्का करतो, आणि ईस्पीकला मराठीही येतं. भाच्याची गंमत मी त्यांना डबा खाताना सांगितली. ते हसले नाहीत.

"आवाज नाही हे तुमच्या भाच्याला कळलं कसं?"

"पडद्यावर आलं ना. डमी आउटपुट."

"लिहून आलं होय?" म्हणाले, आणि लोणच्याची फोड चाचपू लागले.

मदत वाचली नव्हतीत का, हे आता पंथातल्या कोणीतरी येऊन त्यांना विचारावं. आमची ब्रँच दहाला उघडते.